मूळ संख्येचा टंच

हातकणंगले तालुक्यातील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखली जाते. चांदी किती शुद्ध आहे, हे टंच काढला की कळते; पण तिच्यात मिसळलेले तांबे वेगळे करायचे तर पुन्हा भट्टी पेटवावी लागते. मोठ्या संख्यांचेही असेच आहे.

१ आणि स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘डेम्लो’ संख्या मांडल्या. हे नाव डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून आले. त्यांतल्या १२१, १२३२१, १२३४३२१ या संख्या अनुक्रमे ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत. अशा नुसत्या एकांच्या संख्यांपैकी मूळ किती? ११ आहे. पण १११ म्हणजे ३ × ३७, आणि १११११ म्हणजे ४१ × २७१. अकरानंतरची मूळ संख्या थेट १९ एकांची, मग २३ एकांची, त्यानंतर ३१७ एकांची. १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता १९८६ मध्ये, कापरेकर गेले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली.

एवढ्या मोठ्या संख्येला एकेका संख्येने भागून पाहणे अशक्यच. इथे सतराव्या शतकातील फर्मा यांचा नियम मदतीला येतो. ७ घ्या. त्याहून एक कमी, म्हणजे २ चा सहावा घात ६४. त्याला ७ ने भागले की बाकी १ उरते. दोनपेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ संख्येबाबत असेच होते. आता ९ घ्या. २ चा आठवा घात २५६. ९ ने भागल्यावर बाकी ४. म्हणजे ९ मूळ नाही, आणि हे कळायला तिचा ३ हा अवयव शोधावा लागला नाही. ३४१ (११ × ३१) मात्र या चाचणीला चकवते. त्यामुळे रुग्णालयात प्राथमिक तपासणीनंतर खात्रीची तपासणी करतात, तसे इथेही करावे लागते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कधीच न चुकणारी आणि तत्त्वतः जलद अशी पद्धत दिली.

अवयव पाडण्याची अशी जलद पद्धत आजच्या संगणकांसाठी कुणालाही सापडलेली नाही. २५० अंकी एका संख्येचे दोन मूळ अवयव २०२० मध्ये सापडले, तेही असंख्य संगणक जुंपल्यावर. इंटरनेटवरील व्यवहारांचे ‘आरएसए’ हे कुलूप याच अडचणीवर उभे आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार, बहुधा ६१७ अंकी, सर्वांसमोर उघड असतो. ते दोन अवयव ज्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे.

म्हणून चोर सहसा गणिताच्या वाटेला जात नाहीत. ते फोन करतात, घाबरवतात आणि ओटीपी विचारतात. तो सांगितला की ६१७ अंकी कुलूपही निरुपयोगी. पिन आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे आजच समजावून सांगा.