आमच्यासमोरच पिऊन राहिला न!

मे महिन्यातलं लग्न, वर्धा रोडवरचं मंगल कार्यालय. वरात यायला वेळ होता. मागच्या बाजूला एका गाडीची डिकी उघडी, थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात बिअरच्या बाटल्या आणि भोवती आमचेच पाहुणे. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला माझा पुतण्या तिथून चालला होता. त्याच्या मामाजींनी त्याला थांबवलं, प्लास्टिकचा ग्लास भरला आणि म्हणाले, "घे न बे, मोठा झाला आता. बिअरच तर आहे. बाहेर चोरून प्यायचा, त्यापेक्षा आमच्यासमोर पी." मी ते पाहिलं आणि गप्प बसले. मामाजी वाईट माणूस नाहीत. पोराच्या फीसाठी धावून जाणारा माणूस आहे तो. म्हणूनच त्यांचं एकेक वाक्य तपासून पाहावंसं वाटतं.

"बिअरच तर आहे." आपल्याकडे लग्नात नि ढाब्यावर सर्रास असते ती स्ट्राँग बिअर. 650 मिलीच्या बाटलीत 8 टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळपास 52 मिली शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलीच्या पेगमध्ये ते 26 मिलीच्या आसपास असतं. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग. मामाजींनी त्या पोराला व्हिस्कीचे दोन पेग दिले असते का? महाराष्ट्राचा नियमही हा फरक ओळखतो. सौम्य बिअरसाठी वय 21, स्ट्राँग बिअर आणि व्हिस्की-रमसाठी 25.

"आमच्यासमोर प्यायला तर ताब्यात राहतो." हा समज सगळ्यांत खोल रुजलेला, कारण तो प्रेमातून येतो. ऑस्ट्रेलियात 1,900 हून अधिक मुलं आणि त्यांचे पालक यांच्यावर सहा वर्षं नजर ठेवून हेच तपासलं गेलं. 2018 साली निष्कर्ष आले. आईबापांनी दारू दिल्याने मुलं सुरक्षित राहतात, याला कुठलाच आधार सापडला नाही. उलट घरून दारू मिळालेल्या मुलांना पुढे बाहेरून मिळण्याची शक्यता जास्त दिसली, आणि एका बैठकीत भरमसाट पिणं व त्यातून होणारं नुकसानही जास्त. मला यात नवल वाटत नाही. पोराला "जपून पी" हा उपदेश ऐकू येत नाही, त्याला "पी" एवढंच ऐकू येतं. घरातली परवानगी घेऊनच तो मित्रांत जातो. कुणी युरोपचा दाखला देतं, तिकडे म्हणे जेवताना लेकरांनाही वाइन देतात. फ्रान्समध्ये शाळेच्या जेवणात वाइन दिली जायची हे खरं, पण 14 वर्षांखालच्या मुलांसाठी ती 1956 सालीच बंद केली गेली.

"आजकाल सगळीच पोरं पितात" हे तर साफ खोटं. केंद्र सरकारच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 10 ते 17 वयोगटातली दारू घेणारी मुलं 1.3 टक्के निघाली. न पिणारा मुलगा एकटा पडलेला नाही, हे त्याला घरच्यांनी सांगायला हवं.

"घरातली गोष्ट, कायद्याचा काय संबंध?" पूर्वी थोडी पळवाट होती. 2000 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला सार्वजनिक जागी दारू देणं गुन्हा होता आणि आजारपणाची सवलतही होती. 2015 च्या कायद्याने जागेची अट आणि ही सवलत, दोन्ही काढून टाकलं. कलम 77 नुसार 18 वर्षांखालच्या मुलाला कुठेही दारू दिली, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सूट फक्त डॉक्टरच्या आदेशाची. बाप, काका, मामा असा फरक त्यात नाही. पोराच्या हातून दारूची ने-आण करवणं कलम 78 मध्ये येतं, तेव्हा "दुकानातून पव्वा घेऊन ये" हेही साधं काम राहत नाही. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा मुलाच्या वडिलांवर आणि त्याला दारू देणाऱ्या बारवाल्यांवरही गुन्हे नोंदवले गेले.

आणि मुलाला सर्दी झाली की पाजतात ती ब्रँडी? अल्कोहोलने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. लहान मुलात तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते.

लग्नाच्या त्या रात्री पुतण्याने दोन ग्लास घेतले की चार, कुणी मोजलं नाही. ओकला. कुणी लिंबूपाणी पाजलं, कुणी डोक्यावर गार पाणी ओतलं, मग वरच्या खोलीत उताणा निजवून दार लोटलं आणि सगळे पंगतीला गेले. तो वाचला, ते नशिबाने. लिंबू, कडक चहा, आंघोळ यांनी रक्तातलं अल्कोहोल उतरत नाही. ते यकृत आपल्या गतीने जाळतं. झोपल्यावरही पोटातलं रक्तात मिसळत राहतं, आणि उताण्या बेशुद्ध मुलाची ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा पोराला कुशीवर निजवा, एकाने जवळ जागं राहावं. हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार नि ओठ निळसर पडले असतील, तर नातेवाईक काय म्हणतील याचा विचार न करता 108 ला फोन करा आणि जवळचं मोठं रुग्णालय गाठा. डॉक्टरला किती, कधी आणि कोणी पाजली, सगळं खरं सांगा.