जिथे काहीच खाली पडत नाही

बऱ्हाणपूरच्या मुलांना कुंडी भंडारा ठाऊक असतोच. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालून शहराकडे आणण्याची ही योजना १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात झाली. शंभरावर कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडल्या आहेत. ना पंप, ना मोटर. भुयाराला हलका उतार दिला आणि पाणी आपोआप वाहू लागले, कारण पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात.

मुलांनो, आता अशा घराची कल्पना करा, जिथे कितीही उतार दिला तरी पाणी जागचे हलणार नाही. असे घर खरोखर आहे. त्याचे नाव आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते आपल्यापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि २ नोव्हेंबर २००० पासून तिथे कायम कोणी ना कोणी राहत आले आहे. २६ जून २०२५ रोजी आपले शुभांशु शुक्ला तिथे पोहोचले आणि सुमारे अठरा दिवस राहिले. त्याआधी १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत संघाच्या ‘सॅल्यूत ७’ या स्थानकावर राहून आले होते.

पण तिथे वस्तू का तरंगतात? इतक्या उंचीवर पृथ्वीची ओढ संपते, असे पुष्कळांना वाटते. ती संपत नाही. जमिनीवर जेवढी ओढ असते, तिचा सुमारे नऊ दशांश भाग तिथेही असतो. खरे कारण वेगळे आहे. स्थानक ताशी जवळजवळ २८,००० किलोमीटर वेगाने पुढे धावत असते आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतही असते. मात्र पृथ्वी गोल आहे. स्थानक जेवढे खाली येते, तेवढीच जमीन वळून त्याच्यापासून दूर जाते. म्हणून ते पडत राहते, पण जमिनीवर येत नाही. त्याच्यासोबत आतली माणसे, चमचे, पाणी सगळेच पडत असते. सगळे एकाच वेगाने पडत असले, की कोणी कोणावर टेकत नाही. तेच आपल्याला तरंगणे दिसते.

हे घरी करून पाहता येते. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा आणि ती पाण्याने भरा. झाकण उघडे ठेवा, म्हणजे भोकातून धार लागेल. आता घरातल्या मोठ्या माणसाला अंगणात स्टुलावर उभे राहून बाटली उंचावरून सोडायला सांगा. बाटली पडत असेपर्यंत धार थांबते! पाणी आणि बाटली बरोबरच पडत असल्यामुळे पाण्याचा भार भोकावर येत नाही.

म्हणजे स्थानकात ‘खाली’ अशी दिशाच उरत नाही. आपली किती कामे त्या दिशेवर चालतात, ते तिथे कळते. प्रत्येक कामासाठी दुसरी युक्ती शोधावी लागते.

जेवण पाकिटांतून येते. बरेचसे पदार्थ वाळवलेले असतात, त्यांत पाणी घालून खायचे. ओलसर, दाट पदार्थ चमच्याला चिकटून राहतात, म्हणून ते सोयीचे. शुभांशु शुक्ला यांनी गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. पाव मात्र नको, कारण त्याचा चुरा हवेत पसरतो आणि डोळ्यांत किंवा यंत्रांत जातो. त्याऐवजी पोळीसारखा टॉर्टिया खातात. मीठ आणि मिरपूडही पातळ करून नेतात.

पाणी ओतता येत नाही, म्हणून पिशवीतून नळीने प्यायचे. एखादा थेंब सुटलाच, तर त्याचा गोल गोळा होऊन तो तरंगत राहतो. त्यामुळे अंघोळीला शॉवर नाही. ओल्या टॉवेलने अंग पुसायचे आणि धुवावा न लागणारा शॅम्पू केसांना चोळायचा.

शौचालयात पाण्याचे काम हवा करते. पंखा सगळे आत ओढून घेतो. लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून यंत्रे ती शुद्ध करतात आणि तेच पाणी पुन्हा प्यायला मिळते. वापरलेल्या पाण्यापैकी जवळजवळ ९८ टक्के असे परत मिळवता येते.

झोपायला कपाटाएवढी खोली असते. झोपण्याची पिशवी भिंतीला बांधायची आणि तिच्यात शिरायचे. उभे, आडवे, उलटे, सगळे सारखेच! पण पंखा चालू हवाच. पृथ्वीवर आपला गरम उच्छ्वास हलका असल्याने वर जातो. तिथे ‘खाली’ नाही, म्हणून ‘वर’ही नाही. हवा हलती ठेवली नाही, तर सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचतो आणि डोके दुखू लागते.

शरीराचेही असेच आहे. इथे उभे राहताना, जिने चढताना पाय सतत आपले ओझे पेलतात. तिथे ओझेच नसल्याने स्नायू आणि हाडे अशक्त होऊ लागतात. म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. धावताना पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलवर ओढून धरावे लागते. सुनीता विल्यम्स यांनी २००७ मध्ये अशाच ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉनचे पूर्ण अंतर धावून काढले.

स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारते, म्हणून दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो. उन्हाकडे पाहून उठायचे ठरवले, तर झोपच व्हायची नाही. म्हणून सगळे ग्रीनिच वेळेच्या घड्याळाने चालतात. आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात, तेव्हा तिथे सहा वाजतात.

हे स्थानक बऱ्हाणपूरवरूनही जाते. सूर्य मावळल्यानंतर किंवा उगवण्याआधी आकाश निरभ्र असेल, तर कधी कधी ते न लुकलुकता सरकणाऱ्या ठळक ठिपक्यासारखे दिसते. त्याच्या वेळा आधी कळतात, त्या शिक्षकांकडून शोधून घ्या. आणि तोवर एक काम करा. दात घासणे, वरण वाढणे, पाटीवर पेन्सिल ठेवणे, अशा आपल्या रोजच्या कामांची यादी करा. पृथ्वीची ओढ कुठे मदत करते ते लिहा आणि ती नसती तर ते काम कसे केले असते, याची युक्ती शेजारी मांडा. अंतराळात राहायची तयारी करणारे शास्त्रज्ञ हाच प्रश्न स्वतःला विचारतात.