कड्यावरून ऑलिंपिककडे

मूठभर लोकांचा धाडसी खेळ ऑलिंपिकपर्यंत जाऊ शकतो का, हा आजचा प्रश्न. आपण प्रस्तरारोहणाचं उदाहरण घेऊ.

बघा, कोणतेही दोन कडे सारखे नसतात. मग दोघांच्या चढाईची तुलना करायची कशी? यावर उपाय निघाला तो कृत्रिम भिंतीचा. 'स्पीड' प्रकारातली भिंत 15 मीटरची, आणि तिच्यावरच्या पकडींची मांडणी जगभर एकच. त्यामुळे पोलंडमधली वेळ आणि इंडोनेशियातली वेळ शेजारी ठेवून बघता येते. 2016 मध्ये ऑलिंपिक समितीने या खेळाला मंजुरी दिली आणि टोकियोत पहिली पदकं मिळाली.

पण त्याची किंमतही मोजावी लागली. टोकियोत पुरुषांसाठी एक आणि महिलांसाठी एक, एवढीच सुवर्णपदकं होती. म्हणून स्पीड, बोल्डरिंग आणि लीड एकत्र करून एकच निकाल लावला. शंभर मीटर धावणाऱ्याला मॅरेथॉनही पळायला लावावी, तसा हा प्रकार! खेळाडूंनी उघड नाराजी दाखवली. 2024 ला पॅरिसमध्ये स्पीड वेगळं केलं, आणि पोलंडच्या अलेक्झांड्रा मिरोस्वाव्हने पात्रता फेरीत ती भिंत 6.06 सेकंदांत सर केली.

आम्हाला यातून एवढंच दिसतं: पदक मिळायला खेळ मोजता यावा लागतो. सह्याद्रीतल्या सुळक्यावर वारा, निसटता दगड, वाट शोधणं हे सगळं असतं. ते भिंतीवर येत नाही. पदकाच्या आनंदात तेवढं विसरू नये.