भाकरी गोल, लाडूही गोल?

मैत्रिणींनो, बोलताना आपण भाकरीलाही गोल म्हणतो अन् लाडवालाही. मुलं भूमितीत अडखळतात ती इथेच! भाकरीची कड म्हणजे वर्तुळ. लाडू तेवढा गोल. विटेला संस्कृतात इष्टिका म्हणतात, म्हणून विटेसारखी काडेपेटी ही इष्टिकाचिती. तिच्या सगळ्या कडा सारख्या असत्या, तर तिला घन म्हटलं असतं. सरळ उभा गोल डबा म्हणजे वृत्तचिती. आता फुटाण्याच्या पुडीसारखा कागदी शंकू करा, तोंड अन् उंची मात्र डब्याइतकीच ठेवा. ज्वारी तर घाटनांदूरकडे घरोघरी असतेच. शंकू ३ वेळा सपाट भरून ओतला, की डबा काठोकाठ भरतो. हे मुलांच्याच हातून करून घ्या. नाव आणि माप दोन्ही पक्कं होईल.