मोटर मोठी, पट्टा तोच!

पिठाची गिरणी म्हणा की हिट्टिन गिरणी, आपल्या सीमाभागात गिरणी हा शब्द मराठी-कन्नड घरांनी वाटूनच घेतला आहे. डबे ठेवण्याची रांगही एकच. त्या रांगेत उभे असताना आपले लक्ष जात्याकडे असते, मोटरच्या आवाजाकडे असते. पण दोघांच्या मधला काळा पट्टा मात्र कोणी पाहत नाही. पट्टा तुटला किंवा निसटला आणि डबा तिथेच ठेवून घरी परतावे लागले, की मग त्याची आठवण होते!

दिवाळीच्या तोंडावर भाजणीची गर्दी वाढते. दहा अश्वशक्तीच्या मोटरवर भागत नाही असे वाटून एखादा गिरणीवाला पंधराची मोटर बसवतो. पैसे मोजलेले असतात, तेव्हा दीडपट दळण निघायला हवे. तसे होत नाही. पट्टा घसरतो, जळक्या रबराचा वास सुटतो आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग कुरकुरू लागते. मोटरमध्ये खोट नसते आणि जातेही चांगले असते. अडलेले असते ते मधल्या पट्ट्यापाशी.

पकड येते कुठून?

पट्टा पुलीला कुठेही जोडलेला नसतो. तो केवळ घर्षणाने पकडतो. जड ओझे दोराने खाली सोडताना माणूस दोर झाडाच्या बुंध्याला वेढतो, तेच हे तत्त्व. दोराचा वेढा वाढला की पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. साधारण घर्षण धरले तर अर्ध्या वेढ्याला एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकाच्या अडीचपट होऊ शकते आणि पूर्ण वेढ्याला साडेसहापट. अठराव्या शतकातला स्विस गणिती ऑयलर आणि त्यानंतरचा जर्मन अभियंता आयटेलवाइन यांच्या नावाने हे सूत्र आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवले जाते.

आता गिरणीचा हिशेब करू. मोटरची पुली सहा इंची आणि फेरे मिनिटाला १४४०, तर पट्टा सेकंदाला सुमारे साडेअकरा मीटर धावतो. दहा अश्वशक्ती पोचवायला ताणलेल्या आणि सैल बाजूंच्या ओढीत ६६ किलोंचा फरक लागतो. म्हणजे एका बाजूला सुमारे १०८ किलो आणि दुसऱ्या बाजूला ४२. काम होते ते या फरकामुळे. बेअरिंगवर मात्र दोन्हींची बेरीज येते, दीडशे किलो.

पुलीवर पीठ बसून घर्षण एक तृतीयांशाने घटले, तर तेवढ्याच कामासाठी ताणलेली बाजू १४२ किलोंवर जाते आणि बेअरिंगवरचा भार २१८ वर. दोन पुल्या फार जवळ बसवल्या आणि लहान पुलीवरचा वेढा अर्ध्याऐवजी एक तृतीयांश राहिला, तरी नेमका हाच परिणाम होतो. आडव्या लांब पट्ट्याची सैल बाजू वर ठेवावी असे जुने फिटर सांगतात, ते याचसाठी. वरची सैल बाजू खाली झोळते, पुलीला जास्त बिलगते आणि वेढा वाढतो.

आवळला की झाले?

पंधराची मोटर आली की त्याच पुलीवर ६६ ऐवजी ९९ किलोंचा फरक लागतो. सोपा उपाय म्हणजे मोटर मागे सरकवून पट्टा आवळणे. पट्टा आवळला की पकड वाढते, हे खरे. पण ताणलेली बाजू आता १६२ किलोंवर जाते आणि बेअरिंगवरचा भार सव्वादोनशे किलोंच्या पुढे. पट्ट्याचा सांधा ही त्याची सर्वांत दुबळी जागा, तोच आधी उसवतो. राळ लावणे हा दुसरा लाडका उपाय. पट्टा तात्पुरता चिकटतो, मग त्याच राळेवर पीठ आणि धूळ बसून गुळगुळीत थर तयार होतो.

शहाणपणाचा मार्ग वेगळा आहे. सहा इंचीऐवजी नऊ इंची पुली बसवा आणि जात्याकडची पुलीही त्याच प्रमाणात वाढवा, म्हणजे जात्याचे फेरे तेवढेच राहतील. पट्टा आता दीडपट वेगाने धावेल. पंधरा अश्वशक्तीसाठी लागणारा फरक पुन्हा ६६ किलोच! कारण शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. शिवाय मोठ्या पुलीवर पट्टा कमी वाकतो, म्हणून टिकतोही जास्त.

मग वेग वाढवतच का नेऊ नये? गोफण फिरवणाऱ्याला याचे उत्तर ठाऊक असते. पुलीवरून वळताना पट्टा बाहेर फेकला जाऊ पाहतो आणि वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. पट्ट्याला सोसणाऱ्या ताणाचा तिसरा हिस्सा अशा धावण्यातच खर्ची पडू लागला, की तिथे शक्तीची कमाल गाठली जाते. त्यापुढे वेग वाढवला तर पोचणारी शक्ती उलट घटते. म्हणून साधे व्ही-पट्टे सहसा सेकंदाला २५ ते ३० मीटरच्या पुढे पळवत नाहीत. बिडाच्या पुलीलाही वेगाची मर्यादा असतेच.

यावर माणसाने दोन वाटा काढल्या. एक म्हणजे व्ही-पट्टा. तो खाचेत पाचरीसारखा रुततो आणि त्याच घर्षणातून सुमारे तिप्पट पकड मिळवतो. मात्र तो खाचेच्या तळाला टेकू लागला की पाचर संपली, असे समजून बदलावा. दुसरी वाट म्हणजे एकाचे काम अनेकांत वाटणे. इंग्लंडमधल्या विगन गावी १९०७ साली ट्रेंचरफील्ड कापड गिरणीत बसवलेले वाफेचे इंजिन २५०० अश्वशक्तीचे होते. ती शक्ती गिरणीभर नेण्यासाठी त्याच्या चाकावर ५४ दोरांच्या खाचा होत्या. एका दोराच्या वाट्याला जेमतेम ४६ अश्वशक्ती! आपल्या गिरणीत शेजारी शेजारी तीन-चार व्ही-पट्टे असतात, त्यामागे हाच विचार आहे. त्यातला एक तुटला तर सगळा संच बदलावा. नवा पट्टा जुन्यांपेक्षा आखूड असतो आणि सगळा भार एकट्यावर घेतो.

मर्यादेचा उपकारही

पट्ट्याचे हे घसरणे सर्वस्वी वाईट नाही. धान्यातून खिळा गेला आणि जाते अडकले, तर पट्टा घसरतो किंवा निसटतो. मोटर आणि जाते दोन्ही वाचतात. दातेरी चाके असती तर दातच तुटले असते.

मात्र हा पट्टा माणसाला ओळखत नाही. सेकंदाला साडेअकरा मीटर म्हणजे ताशी ४१ किलोमीटर. सव्वाआठ मीटरची अख्खी नऊवारी त्याच्या हिशेबाने पाऊण सेकंदाची. पदर अडकला, हे कळून ओरडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ओढणी, मोकळे केस, शर्टाची सैल बाही यांचेही तेच. फिरत्या यंत्रभागांना संरक्षक कुंपण हवे, ही सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. गल्लीतल्या छोट्या गिरणीची तपासणी करायला मात्र सहसा कोणी येत नाही. तिथे तपासनीस आपणच.

म्हणून दळणाला जाल तेव्हा पट्ट्यावर जाळी आहे का, ते बघा. नसेल तर गिरणीवाल्या काकांना गोडीने सांगा, मराठीत सांगा किंवा कन्नडमध्ये. जाळीचा खर्च नव्या मोटरपुढे काहीच नाही. आणि मुलाला डबा घेऊन पाठवणार असाल, तर पट्ट्याच्या बाजूने जायचे नाही, हे त्याला निघतानाच बजावून ठेवा.