शाळेचे नियम आणि शिक्षकाचें अवधान

मी शिकवीत असें त्या शाळेंत एक नियम होता : महिन्यांत तीनदां उशीर झालेल्या विद्यार्थ्यानें पुन्हां उशीर केल्यास त्यास घरीं परत पाठवावें. नववींतल्या एका मुलास मीं त्याप्रमाणें अनेकदां परत पाठविलें. पहांटे घरोघर दूध टाकून तो धांवत शाळेस येई, हें मला कळलें तेव्हां त्यानें शाळा सोडलेली होती. मीं नियम अचूक पाळला होता. मुलाकडे मात्र पाहिलें नव्हतें.

असें पाहणें म्हणजेच अवधान. हार्वर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनीं १९८९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत : नवे भेद ओळखणें, नव्या माहितीस मन मोकळें ठेवणें आणि एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनीं पाहतां येतें हें जाणणें. याच्या उलट स्थिति त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालच्या एका प्रयोगांत दाखविली. नकला काढण्याच्या यंत्रापाशीं आलेल्या माणसास, पांचच पानांसाठीं यंत्र आधीं मला द्याल का, असें विचारलें असतां शेंकडा ६० लोकांनीं होकार दिला. 'कारण मला नकला काढावयाच्या आहेत' एवढें पोकळ वाक्य जोडतांच तें प्रमाण ९३ झालें! 'कारण' हा शब्द कानीं पडला कीं विचार थांबूं शकतो. 'नियम' या शब्दानें शिक्षकाचेंहि तेंच होतें.

मग नियम नसावेतच काय? तसें नव्हे. वेन होय व स्कॉट स्वीटलँड या अमेरिकन अभ्यासकांनीं २००१ सालीं असें मांडलें कीं, शाळेची रचना साह्यकारी असते किंवा अडसर ठरते. पहिल्या प्रकारांत नियम हा अनुभवाचा सांठा असतो व अधिकार अडचण सोडविण्यास उपयोगी पडतो. दुसऱ्यांत नियम शिक्षेसाठीं आणि अधिकार दडपणासाठीं. साह्यकारी रचनेच्या शाळांत शिक्षकांचा मुख्याध्यापकांवरील विश्वास अधिक व सत्य झांकण्याची प्रवृत्ति कमी आढळली. २००३ सालीं होय यांनीं याच विवेचनास अवधानाची जोड दिली.

हा संबंध मला अनुभवानें पटतो. शंका काढणाऱ्यास जेथें टोमणा मिळतो, तेथें शिक्षक विचारणें सोडतो, आणि कालांतरानें पाहणेंहि सोडतो. आमच्या शाळेंत अपवाद मागण्याची वाटच नव्हती. तथापि सारा दोष रचनेवर टाकून मला मोकळें होतां येत नाहीं. 'बाळ, उशीर कां झाला?' एवढें विचारण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती.

आपल्या मुलांच्या शाळेचा एखादा नियम खटकला, तर तो कशासाठीं आहे हें पालकांनीं अवश्य विचारावें. शांतपणें उत्तर देणाऱ्या शाळेंत मुलाकडेहि कोणी तरी पाहत असण्याचा संभव अधिक.