मदतीची दारे

लहान बाळ दूध पिताना दमले, तर घरातील मोठी माणसे म्हणतात, 'अशक्त आहे, होईल बरे.' पुष्कळदा ते खरेही ठरते. पण कधी कधी हे दमणे गंभीर आजाराचे लक्षण असते. त्या बाळाच्या हृदयात जन्मापासूनच छिद्र असू शकते.

छिद्रामुळे काय होते? हृदयाचे चार कप्पे असतात. उजव्या बाजूचे अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे जाते. तेथे शुद्ध झालेले रक्त डाव्या बाजूस येते आणि मग सर्व शरीराला मिळते. दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पडदा असतो. त्या पडद्याला मोठे छिद्र असले, की डावीकडचे रक्त पुन्हा उजवीकडे शिरते आणि फुप्फुसांवर जादा भार पडतो. मग दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, खोकला व ताप वारंवार येतो. हृदयाच्या काही दोषांत ओठ आणि नखे निळसर दिसतात. हजार बाळांमागे सुमारे 8 ते 10 बाळांना जन्मतः हृदयाचा लहानमोठा दोष असतो.

लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. मोठे छिद्र मात्र बंद करावे लागते. त्या शस्त्रक्रियेत हृदय काही वेळ थांबवतात आणि त्याचे काम एका यंत्राकडे सोपवतात. 1953 साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी अशा यंत्राच्या साहाय्याने हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. आता काही छिद्रे छाती न उघडता, मांडीतील शिरेतून बारीक नळी नेऊनही बंद करतात. म्हणजे इलाज आहे. अडते ते पैशापाशी.

रोजंदारी करणारा बाप एवढा खर्च कोठून करणार? तो म्हणतो, 'पैसे जमू द्या, मग बघू.' मित्रांनो, येथेच मोठा धोका आहे. मोठे छिद्र फार काळ उघडे राहिले, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात. मग हाती पैसे आले तरी शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणून पैशासाठी तपासणी लांबवू नये. पैसे नसले तरी ठोठावता येतील अशी काही दारे आहेत. ती तुम्हांला माहीत असली पाहिजेत.

पहिले दार तुमच्या शाळेतच आहे. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे आरोग्य पथक शाळेत व अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. दोष आढळला, तर मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवतात. म्हणून पथक येईल त्या दिवशी शाळा चुकवू नका.

दुसरे दार सरकारी योजनेचे. 2 जुलै 2012 रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत आपला नांदेड जिल्हा होता. लातूरसह उरलेल्या जिल्ह्यांना ती नोव्हेंबर 2013 मध्ये मिळाली. 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. पूर्वी तिच्यात एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. 2023 साली ही मर्यादा 5 लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. कोणते कागद लागतात, ते तो सांगतो.

तिसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. ज्याला आपण घरी खैराती दवाखाना म्हणतो, तसेच हे. महाराष्ट्रातील कायद्याप्रमाणे अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली त्याची योजना ठरवून दिली. तेव्हा ही खाट म्हणजे मेहेरबानी नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे.

चौथे दार दानशूर माणसांचे. मुंबईत परळ येथे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे. वाडिया बंधूंनी आपल्या आईच्या स्मरणार्थ 1929 साली ते खास मुलांसाठी उभारले. नवी मुंबईत खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते. तेथे रुग्णाचा धर्म किंवा जात पाहत नाहीत. आपल्याकडे जकातीचा चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी काढतात. त्यातूनही एखाद्या गरीब बाळाचा प्रवास, औषधे किंवा आईच्या राहण्याचा खर्च निघू शकतो. नांदेड-लातूरच्या पालकांना अशा शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा पुण्या-मुंबईस जावे लागते. तेव्हा उपचार फुकट असले तरी तेथे दोन आठवडे राहायचे कोठे आणि खायचे काय, हा प्रश्न उरतोच.

आता तुमच्या वाट्याचे काम. दारे उघडी असली, तरी कागद अपुरे असतील तर माणूस उंबऱ्यावरच अडतो. शिधापत्रिका, आधार कार्ड, बाळाचा जन्माचा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत नीट ठेवावेत. शिधापत्रिकेवर धाकट्या भावंडाचे नाव चढवले आहे का, ते आजच पाहा. रुग्णालयातील पाट्या आणि अर्ज बहुधा मराठीत असतात. अम्मी-अब्बांना मराठी वाचता येत नसेल, तर अर्ज कोण वाचणार? तुम्हीच ना!

तुम्ही ह्या तासाला जी भाषा शिकता, ती केवळ परीक्षेपुरती नाही. तुमच्या मोहल्ल्यात एखादे बाळ दूध पिताना दमत असेल, तर त्याच्या आईला डॉक्टरांकडे जायला सांगा. दवाखान्यातून अर्ज मिळाला, तर तो तिला वाचून दाखवा. त्या घराला वेळेवर मिळालेली ती पहिली मदत असेल.